वॉशिंग्टनची परिषद आणि परळचा भोंगा
(एक प्रश्न, पाच विषय)



'आंतरराष्ट्रीय कायदा' हे शब्द ऐकले की डोळ्यांसमोर काय येतं? हेगचं न्यायालय, जिनिव्हातली मोठी इमारत, कानाला यंत्र लावून बसलेले देशोदेशीचे प्रतिनिधी. आपल्या लालबाग-परळशी याचा काही संबंध असेल असं सहसा कोणाला वाटत नाही. पाचवी-सहावीच्या मुलांना तर नाहीच.

पण लोअर परळ स्टेशनातून बाहेर पडलं की जो रस्ता लागतो त्याचं नाव काय? ना. म. जोशी मार्ग. जुनी माणसं अजूनही डिलाईल रोडच म्हणतात. हे नारायण मल्हार जोशी १९१९ साली अमेरिकेत वॉशिंग्टनला गेले होते. तिथे जगातल्या देशांची एक परिषद भरली होती. कारखान्यातल्या माणसाने आठवड्याला जास्तीत जास्त किती तास काम करावं, हा त्या परिषदेपुढचा एक मोठा विषय होता. म्हणजे आपल्या गिरणगावातला भोंगा किती वाजता वाजावा, याची चर्चा सातासमुद्रापलीकडे चालली होती!

आज आपण एकच प्रश्न घेणार आहोत. १९११ च्या कायद्याप्रमाणे कापड गिरणीत पुरुष कामगाराचा दिवस १२ तासांचा होता. १९२२ च्या कायद्यात दिवसाला ११ तास आणि आठवड्याला ६० तास अशी मर्यादा आली. हे तास नेमके कोणी कमी केले?

उत्तर एका पुस्तकात सापडत नाही. वेगवेगळ्या विषयांच्या जाणकारांना एका टेबलाभोवती बसवलं तर प्रत्येकजण वेगळं उत्तर देईल. आपणही तसंच करून बघू.

१) विज्ञान आणि भूगोल काय म्हणतात?

मुंबईतली पहिली कापड गिरणी ताडदेवला निघाली. कावसजी दावर यांनी तिची कंपनी १८५४ साली स्थापन केली. पुढे परळ, लालबाग, भायखळा, वरळी या भागांत गिरण्यांची रांगच लागली.

सुरुवातीच्या काळात गिरणीत विजेचे दिवे नव्हते. त्यामुळे काम किती वेळ चालायचं हे सूर्य ठरवायचा. उजाडलं की गिरणी सुरू, अंधारलं की बंद. मुंबई विषुववृत्तापासून साधारण १९ अंश उत्तरेला आहे. आपल्याकडे डिसेंबरचा दिवस सुमारे ११ तासांचा आणि जूनचा दिवस १३ तासांहून थोडा मोठा असतो. म्हणजे कामगाराच्या कामाचे तास ऋतूप्रमाणे कमी-जास्त होत.

मग विजेचे दिवे आले. १९०५ च्या सुमारास कापडाला मागणीही भरपूर होती. दिवा लावला की रात्र झाली तरी साचे चालू! काही गिरण्यांत दिवस तेरा-चौदा तासांवर गेला. मुलांना हे जरूर सांगा, कारण शोधाचे फायदे आपण नेहमी शिकवतो. विजेचा दिवा चांगलाच आहे, पण तो कोणाच्या हातात आहे आणि त्याला नियम कोण घालतो, यावर त्याचा उपयोग ठरतो. सूर्याने घातलेली मर्यादा यंत्राने मोडली, म्हणून माणसाला कायद्याने मर्यादा घालावी लागली. १९११ चा १२ तासांचा नियम त्यातूनच आला.

२) इतिहास काय म्हणतो?

इतिहास म्हणतो, "आधी कामगारांकडे बघा."

१८८१ साली पहिला कारखाना कायदा आला. त्यात सात वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायला बंदी होती आणि ७ ते १२ वयाच्या मुलांना ९ तासांची मर्यादा होती. हो, नऊ तास! आपल्या दुसरी-तिसरीच्या वर्गातली मुलं डोळ्यांसमोर आणा. मोठ्या माणसांच्या तासांबद्दल तर कायद्यात काहीच नव्हतं.

१८८४ साली 'दीनबंधु'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी कामगारांची सभा घेतली आणि सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारकडे दिला. मागण्या काय होत्या? रविवारी सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच. पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत. कामावर अपघात झाला तर बरा होईपर्यंत पगार. आज या मागण्या किती साध्या वाटतात ना? त्या मागाव्या लागल्या, हेच मुलांना समजायला हवं.

१८९० साली मुंबईच्या गिरणीमालकांनी आठवड्याची सुट्टी मान्य केली. १८९१ च्या कायद्यात ती आली. आता ही गंमत बघा. आठवड्याच्या सुट्टीचा आंतरराष्ट्रीय करार झाला १९२१ मध्ये आणि भारताने तो स्वीकारला १९२३ मध्ये. म्हणजे या बाबतीत परळचा कामगार जगाच्या करारापेक्षा तीस वर्षं पुढे होता! नियम नेहमी तिकडून इकडे येतात असं नाही. इकडे आधी काही घडतं आणि जगाच्या कागदावर ते नंतर उमटतं, असंही होतं.

पहिल्या महायुद्धानंतर महागाई भडकली. १९१९ च्या जानेवारीत मुंबईत एक लाखाहून जास्त गिरणी कामगार संपावर गेले. १९२० च्या जानेवारीत पुन्हा सार्वत्रिक संप झाला. त्यात पगारवाढीबरोबर कमी तासांचीही मागणी होती. त्या संपानंतर मुंबईच्या गिरण्यांत दहा तासांचा दिवस आला. तारखा नीट बघा. कायदा झाला १९२२ ला. मुंबईत तास कमी झाले त्याच्या आधी!

म्हणून इतिहास म्हणतो, "तास संपाने कमी केले."

३) नागरिकशास्त्र आणि कायदा काय म्हणतात?

कायद्याचा जाणकार इथे हात वर करील. तो म्हणेल, "थांबा, त्या संपाच्या दोनच महिने आधी वॉशिंग्टनला काय ठरलं ते बघा."

२८ जून १९१९ रोजी व्हर्सायचा तह झाला. महायुद्ध संपवणारा हाच तो तह. त्याच्या तेराव्या भागात आंतरराष्ट्रीय कामगार संघटना स्थापन करण्याची तरतूद होती. हीच आजची आय.एल.ओ. या तहावर हिंदुस्थानच्या वतीनेही सह्या झाल्या होत्या, त्यामुळे देश पारतंत्र्यात असूनही हिंदुस्थान या संघटनेचा पहिल्यापासून सभासद झाला.

या संघटनेची रचना इतर संस्थांपेक्षा वेगळी आहे. प्रत्येक देशातून चार प्रतिनिधी जातात. दोन सरकारचे, एक मालकांचा, एक कामगारांचा. आणि प्रत्येकाचं मत स्वतंत्र असतं. सरकार एका बाजूला हात वर करतंय आणि त्याच देशाचा कामगार प्रतिनिधी दुसऱ्या बाजूला, असं तिथे होऊ शकतं. वर्गात खेळून दाखवायला ही रचना फार छान आहे. शेवटी उपक्रमात दिली आहे.

पहिली परिषद १९१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये वॉशिंग्टनला भरली. हिंदुस्थानच्या कामगारांचे प्रतिनिधी होते ना. म. जोशी. मूळचे गोरेगावचे. मुंबईतलं नव्हे, रायगड जिल्ह्यातलं. १९११ साली त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग ही संस्था काढली होती. गिरणगावात रात्रशाळा, वाचनालयं अशी कामं ही संस्था करायची. परळचा दामोदर हॉल याच संस्थेचा.

परिषदेने पहिला करार केला तो तासांचा. दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८. पण सगळ्यांना नाही हं! जपानसाठी वेगळी मर्यादा ठेवली, साधारण ५७ तास. आणि ब्रिटिश हिंदुस्थानसाठी दहाव्या कलमात आठवड्याला ६० तास लिहिले. एकाच करारात दोन मापं! इंग्लंडमधल्या माणसाच्या थकव्याला एक हिशोब आणि परळमधल्या माणसाच्या थकव्याला दुसरा. मोठ्या वर्गांत यावर चर्चा जरूर घ्या. कायदा आंतरराष्ट्रीय असला म्हणजे तो सर्वांना सारखा असतोच असं नाही.

आता पुढची पायरी. परिषदेत करार मंजूर झाला म्हणजे तो लगेच लागू होत नाही. प्रत्येक देशाच्या सरकारने तो आपल्या कायदे करणाऱ्या सभेपुढे ठेवायचा असतो. देशाने अधिकृतपणे 'आम्ही हा पाळू' असं कळवलं की त्याला अनुसमर्थन म्हणतात. मग देशात तसा कायदा करायचा आणि काय केलं त्याचा अहवाल ठरावीक काळाने पाठवायचा. हिंदुस्थानने तासांच्या कराराला १४ जुलै १९२१ रोजी अनुसमर्थन दिलं आणि १९२२ साली कारखाना कायदा बदलला. आठवड्याला ६० तास आले. मुलांचं कामाचं किमान वय ९ वरून १२ झालं.

म्हणून कायदा म्हणतो, "तास कराराने कमी केले."

४) अर्थशास्त्र काय म्हणतं?

अर्थशास्त्र विचारतं, "ज्याचा तोटा होणार तो कबूल का झाला?"

बघा, एखाद्या गिरणीमालकाला वाटलं की आपण तास कमी करू. पण शेजारची गिरणी १२ तास चालवते आहे. मग तिचं कापड स्वस्त पडणार आणि याचं गोदामात पडून राहणार. एकट्या मुंबईने तास कमी केले तर फायदा अहमदाबादला, सोलापूरला. एकट्या हिंदुस्थानने केले तर जपानला. म्हणून जो तो म्हणतो, "आधी तू कर!" आणि कोणीच करत नाही.

यावर उपाय एकच. सगळ्यांनी एकाच वेळी करायचं. आंतरराष्ट्रीय करार म्हणजे हेच. आय.एल.ओ.च्या घटनेच्या सुरुवातीलाच या अर्थाचा विचार आहे की एका देशाने माणुसकीचे नियम पाळले नाहीत तर नियम पाळू इच्छिणाऱ्या दुसऱ्या देशांनाही अडथळा येतो.

यात स्वार्थ नव्हता असं अजिबात नाही. इंग्लंडमध्ये लँकेशायरचे गिरणीमालक १८७० च्या दशकापासून 'हिंदुस्थानात कारखाना कायदा करा' म्हणून ओरडत होते. परळच्या मुलांची दया आली म्हणून? थोडी असेलही, पण मुंबईचं स्वस्त कापड त्यांना खुपत होतं. चांगला नियम कधी कधी वेगळ्याच हेतूने पुढे ढकलला जातो. तरी तो ज्याच्या उपयोगी पडतो त्याच्या उपयोगी पडतोच.

५) गणित काय म्हणतं?

गणित वाद घालत नाही, हिशोब करतं.

१२ तास × ६ दिवस = आठवड्याला ७२ तास.
नवी मर्यादा = ६० तास.
वाचले = आठवड्याला १२ तास.
वर्षाला १२ × ५२ = ६२४ तास.
६२४ ÷ २४ = २६.

म्हणजे वर्षाला पूर्ण २६ दिवस आणि २६ रात्री माणसाला परत मिळाल्या! तान्ह्याला जागेपणी बघायला, रात्रशाळेत अक्षरं गिरवायला, गावाला पत्र लिहून घ्यायला, भजनाला, नाटकाच्या तालमीला, नाहीतर नुसतं पाय पसरून झोपायला. गिरणगावातली भजनी मंडळं, कामगारांची नाटकं, व्यायामशाळा यांचं आपण कौतुक करतो. पण या सगळ्याला सगळ्यात आधी वेळ लागतो, हे विसरू नका.

मग खरं उत्तर कोणाचं?

सगळ्यांचंच, पण अर्धं अर्धं.

नुसता करार असता तर तो फाईलमध्ये राहिला असता. आय.एल.ओ.कडे पोलीस नाहीत, तुरुंग नाही. नुसता संप असता तर मुंबईला दहा तास मिळाले असते, पण पुढच्या मंदीत ते टिकले असते का? आणि नागपूरच्या, कानपूरच्या कामगाराचं काय? संपाने दार उघडलं आणि कराराने ते बंद होऊ नये म्हणून पाचर मारली. मालकांनी मान्य केलं, कारण नियम सगळ्यांना सारखा झाला. म्हणूनच जगाचा कारभार कसा चालतो याचा अभ्यास करताना कायदेवाले, इतिहासवाले आणि अर्थशास्त्रवाले एकत्र बसतात. एकट्याला पूर्ण चित्र दिसत नाही.

खुर्चीवर कोण बसणार?

या गोष्टीतला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग आता येतो.

तहात असं कलम होतं की मालकांचा आणि कामगारांचा प्रतिनिधी सरकारने त्यांच्या सर्वांत प्रातिनिधिक संघटनांच्या संमतीने निवडावा. पण १९१९ साली हिंदुस्थानात कामगारांची देशव्यापी संघटनाच नव्हती! मग विचारायचं कोणाला? सरकारने स्वतःच नाव ठरवलं. जोशी भला माणूस होता, पण प्रश्न माणसाचा नव्हता. आमच्या वतीने कोण बोलणार हे आम्ही ठरवणार की सरकार, हा प्रश्न होता.

यातूनच ३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईत, बोरीबंदरजवळच्या एम्पायर थिएटरात, अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसचं पहिलं अधिवेशन भरलं. लाला लजपतराय अध्यक्ष होते. आपल्या माझगावचे जोसेफ 'काका' बाप्टिस्टा स्थापनेत पुढे होते. म्हणजे जिनिव्हाच्या एका खुर्चीने मुंबईत देशातली पहिली मध्यवर्ती कामगार संघटना उभी राहायला मदत केली. आणि जोशी? तेच पुढे १९२५ पासून या संघटनेचे सरचिटणीस झाले.

६० तासांवर गोष्ट थांबली नाही. १९३४ च्या कायद्याने बारमाही कारखान्यांत आठवडा ५४ तासांचा झाला. पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात कामगार खातं सांभाळत होते. हेच बाबासाहेब परळच्या बी.आय.टी. चाळीत कितीतरी वर्षं राहिले, आणि १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभेच्या स्थापनेची बैठक त्यांनी घेतली ती याच दामोदर हॉलमध्ये. १९४२ साली त्यांच्या काळात सरकार, मालक आणि कामगार यांना एकत्र बसवणारी परिषद भारतात सुरू झाली, अगदी आय.एल.ओ.च्या धर्तीवर. आणि १९४६ च्या दुरुस्तीने आठवडा ४८ तासांचा झाला. वॉशिंग्टनला जगासाठी लिहिलेला आकडा आपल्यापर्यंत पोहोचायला २७ वर्षं लागली!

आणि आज?

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला. त्यानंतर एकेक गिरणी बंद होत गेली. आज त्या आवारांत मॉल, ऑफिसं आणि हॉटेलं आहेत. भोंगा वाजत नाही.

पण त्याच रस्त्यावर पाठीला चौकोनी पिशवी लावून दुचाकीवरून जेवण पोहोचवणारी मुलं दिसतात ना? त्यांना भोंगा नाही, मोबाईल आहे. त्यांचा दिवस किती तासांचा? त्यांना कंपनी कामगार म्हणते की 'भागीदार'? २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत अशा 'गिग' कामगारांचा उल्लेख आपल्या कायद्यात पहिल्यांदा आला. जून २०२५ मध्ये जिनिव्हाला आय.एल.ओ.च्या परिषदेत अशा कामासाठी आंतरराष्ट्रीय नियम करण्यावर चर्चा झाली. त्यांच्या वतीने खुर्चीवर कोण बसणार, हा १९२० चा प्रश्न पुन्हा आपल्या दारात उभा आहे.

काही करार भारताने स्वीकारायला वेळ घेतला. बालमजुरीविरुद्धचे दोन मुख्य करार १३ जून २०१७ ला स्वीकारले. संघटना बांधण्याच्या हक्काचे दोन करार मात्र अजून स्वीकारलेले नाहीत. मोठ्या मुलांना का ते शोधायला लावा. तयार उत्तर देऊ नका.

वर्गासाठी उपक्रम

१. खुर्च्यांचा खेळ : चार-चार मुलांचे गट करा. प्रत्येक गट एक देश. दोघं सरकार, एक मालक, एक कामगार. विषय द्या : 'शाळेच्या कॅन्टीनमधल्या काकांनी दिवसाला किती तास काम करावं?' प्रत्येकाने स्वतंत्र मत द्यायचं. दोन तृतीयांश मतं मिळाली तरच ठराव पास. हा नियम आय.एल.ओ.च्या करारांनाही आहे.

२. घरातलं घड्याळ : आई, बाबा, मावशी, शेजारचे काका यांपैकी एकाला विचारा : कामाला किती वाजता निघता, किती वाजता परत येता? आठवड्याचे तास काढा. ४८ पेक्षा जास्त आहेत की कमी? घरकामाचे तासही धरा. आईची बेरीज बघून पुष्कळ मुलं गप्प होतील.

३. रस्त्यांची नावं : लालबाग, परळ, गिरगाव, दादरमधल्या पाच रस्त्यांची किंवा चौकांची नावं लिहा. ती माणसं कोण होती ते आजी-आजोबांना विचारा.

४. गणित : ७२, ६०, ५४, ४८ हे आठवड्याचे तास घ्या. प्रत्येक टप्प्यावर वर्षाला किती तास वाचले ते काढा आणि स्तंभालेख काढा.

५. विचार करा (इयत्ता ७ वी व पुढे) : ज्या कायद्याच्या मागे पोलीस नाहीत तो कायदा लोक का पाळतात? दहा ओळी लिहा.

शिक्षक मित्रांनो, पाचव्या प्रश्नाला मुलांनी काय उत्तरं दिली ती जपून ठेवा. पुढच्या तुकडीला वाचून दाखवायला उपयोगी पडतील.